चावी काढल्यानंतरचं पाऊण मिनिट

नागपूरच्या टेम्पोवाल्याला पुलाचा उतार लागला, की त्याचा हात आपोआप चावीकडे जातो. चावी बंद, गिअर न्यूट्रल, आणि खालच्या चौकापर्यंत गाडी फुकटात. डिझेलच्या दिवसांत बापाने पोराला गाडी शिकवली तेव्हाच हेही शिकवलेलं. आता गाडी विजेवर आली, टाकी गेली, धूर गेला, पण जित्याची खोड मेल्याशिवाय थोडीच जाते! उतारावर चावी चालू ठेवली तर बॅटरी उलट थोडी भरते, असं श्रावण हेडाऊ त्यांना सांगून सांगून थकला होता. "तू सेटिंगवाला हायेस ना, मंग सेटिंग पाह्य. डायवरी आमाले नको शिकवू," असं उत्तर मिळालं की तो आपला सेटिंगचा डबा उचलून पुढच्या गाडीकडे जायचा.

श्रावण कळमन्याच्या मार्केट यार्डाजवळच्या एका कारखान्यात होता. कारखाना म्हणजे टिनाचं लांबलचक शेड. यार्डातून धान्य आणि फळं वाहणारे विजेचे टेम्पो तिथे जोडले जायचे आणि बिघडले की दुरुस्तीलाही तिथेच यायचे. मालक अभिजीत, वडिलांची अडत सोडून या धंद्यात पडलेला, वयाने श्रावणपेक्षा लहान, बोलायला गोड. त्याच्या शेडात श्रावणचं काम काय होतं हे श्रावणने घरी बायकोलाही कधी धड सांगितलं नव्हतं. इथे मात्र सांगणं भाग आहे, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

टेम्पोवर माल लादला की त्याचं स्टिअरिंग नुसत्या मनगटाच्या जोरावर वळत नाही. म्हणून खाली एक मोटर असते. हातातलं चक्र जरा हललं की ती तेलाचा पंप फिरवते आणि पंपाच्या जोराने चाकं वळतात. या मोटरकडे वीज सोडायची की तोडायची, हे काम कॉन्टॅक्टरचं. कॉन्टॅक्टर म्हणजे मुठीएवढा दणकट स्विच. आतल्या कॉइलमध्ये वीज आली की तो 'खट' करून जोडला जातो, गेली की 'खट' करून सुटतो. त्याने किती जोराने ओढायचं, किती जोराने धरून बसायचं आणि चावी बंद झाल्यावर किती वेळाने सोडायचं, हे आकडे स्टिअरिंगच्या कंट्रोलरमध्ये भरावे लागतात. श्रावण ते हातातल्या पडदेवाल्या डब्यावरून भरायचा. चावी बंद झाल्यावर दोन सेकंदांत कॉन्टॅक्टर सुटावा, असा मूळचा आकडा होता.

हे काम त्याला मिळालं गणपतरावांमुळे. दोघेही तांडापेठेतले, दोघेही कोष्ट्यांच्या घरचे. आजोबांच्या हातमागाचा खड्डा श्रावणने बुजवलेलाच पाहिला होता. तो वयात आला तेव्हा कामठीच्या पॉवरलूममध्ये गणपतराव निमजे यांचा दरारा होता. बिघडलेला माग नुसत्या आवाजावरून ओळखायचे आणि शिकाऊ माणसाला शिव्या अशा हासडायचे की तो जन्मभर चुकू नये. श्रावणने त्यांच्या हाताखाली सगळं शिकून घेतलं, शिव्यांसकट. पुढे माग भंगाराच्या भावात गेले. गणपतराव अभिजीतच्या शेडात फिटर म्हणून लागले आणि त्यांनी श्रावणला ओढून नेलं. त्यांनीच मालकाला सांगितलं, "याले तो आकड्याचा डबा शिकवा. पोराचं डोकं चालते." पोरगा तेव्हा चाळिशीला टेकला होता.

गणपतरावांची एक रीत होती. लूमवर असताना ते मशीनचा पट्टा उतरवून गळ्यात अडकवायचे, मगच आत हात घालायचे. पट्टा माझ्या गळ्यात, तर मशीन चालवणार कोण? टेम्पोला पट्टा नव्हता, तर ते चावी काढून दातांत धरायचे. त्यासाठी तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकावा लागायचा, आणि नागपूरच्या माणसाने भरलं तोंड रिकामं करणं ही काही साधी गोष्ट नाही. शेडातले लोक हसायचे. "काका, चाबी गिळसान एखाद्या दिवशी," असं कोणी म्हटलं की दातांत चावी असल्यामुळे त्यांना शिवी देता यायची नाही. ते नुसते डोळे वटारायचे, आणि काम संपल्यावर चावी काढून व्याजासकट शिवी द्यायचे.

तर त्या उताराचं दुखणं. विक्की नावाचा एक ड्रायव्हर संत्र्यांचा माल घेऊन पुलावरून चावी बंद करून उतरला. दोन सेकंदांत कॉन्टॅक्टर सुटला, मोटर मेली आणि वळणावर स्टिअरिंग दगड झालं. गाडी दुभाजकाला घासली, संत्री रस्ताभर. विक्कीला खरचटलंसुद्धा नाही, पण त्याने शेडात येऊन असा तमाशा केला की जणू त्याचा हात चावीकडे कंपनीनेच नेला होता. मग दुसरा आला, तिसरा आला. अभिजीतने श्रावणला केबिनमध्ये बोलावलं.

"ड्रायव्हर तर सुधारणार नाहीत," तो म्हणाला. "आपण ती सुटायची वेळच वाढवून टाकू. पूल उतरेपर्यंत मोटर जिवंत राहिली पाहिजे."

"सर, मंग चाबी काढल्यावरही पंप फिरन."

"चावी काढून कोण स्टिअरिंग फिरवतं? टाक."

श्रावणने पाऊण मिनिट टाकलं. त्याला ते पटलंही. उद्या एखादी गाडी वळणावर माणसांत शिरली असती, तर दोष कोणाचा हे विचारत बसायला कोणाला वेळ असता? एकेक करून सगळ्या गाड्यांत त्याने नवा आकडा भरला. गणपतराव त्या दिवसांत एका लग्नासाठी उमरेडला गेलेले होते. ते आल्यावर त्यांना सांगायचं, हे श्रावणच्या मनात होतं. पण काका काय म्हणणार ते त्याला पाठ होतं: चूक डायवरची अन् सोय मशीनची? तुले मी हेच शिकवलं का बे? मग दोन दिवस शेडभर तोच विषय. आज सांगू, उद्या सांगू, मूड पाहून सांगू, असं करत ते राहून गेलं. एवढा बाप्या माणूस, घरी लग्नाची पोरगी, आणि उस्तादाच्या शिव्यांना भ्यायला. ही त्याची चूक, आणि ती इतकी फुसकी आहे की सांगतानाही राग येतो.

विक्कीचीच गाडी तेलगळतीसाठी आली. गणपतरावांनी खर्रा थुंकला, चावी काढली, दातांत धरली आणि गाडीखाली सरकले. मोटर आणि पंप जिथे जोडलेले असतात तिथे त्यांनी उजवा हात घातला. श्रावण पलीकडे दुसऱ्या गाडीत वाकलेला होता. विक्की ड्रायव्हरच्या सीटवर मोबाईल पाहत बसला होता. त्याला चहा आठवला. उतरताना त्याने आधारासाठी स्टिअरिंगच्या चक्राला हात घातला, आणि चक्र हललं.

मोटरचा आवाज आणि गणपतरावांची किंकाळी एकदमच आली. श्रावण धावला. तो गाडीपाशी पोचतो न पोचतो तोच आतून आवाज आला: खट. कॉन्टॅक्टर सुटला होता. श्रावणने भरलेल्या वेळेवर, एका क्षणाचीही कुचराई न करता. शेडात पंधरा माणसं होती, पण त्या आवाजाचा अर्थ एकट्या श्रावणला कळला. चावी चालू असती तर तो आवाज आलाच नसता.

धावपळीत कोणीतरी जमिनीवरची चावी उचलून विक्कीच्या हातात दिली. बाहेर दुसरी गाडी तयार नव्हती. त्याच टेम्पोत मागे गणपतरावांना घातलं आणि विक्कीने दवाखान्याकडे पळवलं. उजव्या हाताची मधली दोन बोटं गेली. संध्याकाळी टेम्पो परत आला तेव्हा चावी अर्थातच जागेवर लागलेली होती, आणि ज्याला जे पाहायचं होतं त्याला ते दिसलं.

दुसऱ्या दिवशी अभिजीतने पहिलं काम सांगितलं ते असं, की वाढवलेली वेळ सगळ्या गाड्यांतून काढून टाक. यात चूक काय? ते सेटिंग धोक्याचं होतं, ते काढायलाच हवं होतं. श्रावणने डबा घेतला आणि दुपारपर्यंत सगळ्या गाड्या पूर्ववत केल्या, विक्कीची सगळ्यात आधी. शेवटची गाडी झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण नेमकं काय पुसलं. तोवर अपघाताच्या चौकशीला आलेले सरकारी साहेब दारात होते.

साहेबांनी चावी लावली, काढली. दोन सेकंदांत खट. चक्र फिरवून पाहिलं, पंप हलला नाही. पुन्हा करून पाहिलं. साहेब भला माणूस होता, त्याने पुन्हापुन्हा पाहिलं. मग विक्कीला विचारलं. विक्की म्हणाला, "मी बसलो तवा चाबी होती साहेब. मंग काकानं काढली का नाई, मले नाई मालूम, मी मोबाईलमध्ये होतो." स्वतः चक्र हलवलं हे तो बोलला, पण चावी जमिनीवरून आली हे बोलला नाही; ती उचलून देणाराही पुढे आला नाही. साहेबांनी श्रावणकडे पाहिलं.

"चावी काढल्यावर ही मोटर चालू शकते?"

"नाई साहेब," श्रावण म्हणाला. आणि त्या घडीला ते शब्दशः खरं होतं. चूक गणपतरावांचीच, असा कागद झाला.

अभिजीत नंतर खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हे बघ, सेटिंग तुझ्या हातचं होतं. मी तुला उगाच अडकू देणार नाही. काकांच्या दवाखान्याचं मी पाहतो. तू फक्त शांत राहा." तेरी भी चूप, मेरी भी चूप. गोड माणसाचा हात खांद्यावर पडला की तो झटकायला जी ताकद लागते ती श्रावणमध्ये नव्हती. शेड बंद पडलं तर इतक्या घरांचं काय, पोरीची सोयरीक तुटली तर काय, अशी कारणं त्याने स्वतःला रोज नवी नवी दिली. कारणांचा दुष्काळ भित्र्या माणसाला कधी पडत नाही.

गणपतराव सुरुवातीला ठाम होते. हाताला पांढरं बांधलेलं, चेहरा उतरलेला, पण आवाज तोच. "चाबी माह्या दातात होती. दातात असताना मशीन चाललीच कशी, हे मले सांगा." येणारा प्रत्येक जण मान हलवायचा. समजूतदारपणे, हळूच, आजाऱ्यापुढे हलवतात तशी. ते मान हलवणं त्यांना बोटांपेक्षा जास्त दुखायचं. पूर्वी त्यांनी कोणाला काही सांगितलं तर समोरचा वाद घालायचा, हरायचा, शिव्या खायचा. आता कोणी वादच घालत नव्हतं.

श्रावण दर रविवारी जायचा. जिजाबाई, गणपतरावांची बायको, त्याच्यासमोर तर्रीपोह्यांची बशी ठेवायची. एका रविवारी गणपतरावांनी विचारलं, "श्रावण, तू तं तिथंच होता. तू सांग. पाह्यली होती का नाई माह्या तोंडात चाबी?"

"मी पलीकडच्या गाडीत होतो काका. मले दिसलं नाई."

हेही शब्दशः खरं. खरं बोलून इतका खोटा वागलेला माणूस तांडापेठेत दुसरा नसेल.

मग हळूहळू व्हायला लागलं. गणपतराव चष्मा कुठे ठेवला ते विसरले. चष्मा कोण विसरत नाही? पण आता घरातल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकदा दूध उतू गेलं. एकदा त्यांनी जावयाला मुलाच्या नावाने हाक मारली. पासष्टीच्या माणसाचं हे रोजचं असतं. त्यांच्या बाबतीत मात्र प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणायचं, तेव्हाच कळायला पाहिजे होतं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. जिजाबाई गॅस बंद करून शेगडीचं बटणच काढून कमरेच्या पिशवीत ठेवायला लागली. जरीपटक्याच्या बाजारात त्यांना एकटं सोडणं बंद झालं. आणि एका रविवारी स्वतः गणपतराव म्हणाले, "नसन काढली गा मी चाबी. वाटते काढली होती, पण वाटण्यावर काय भरोसा? वय झालं. इसरलो असन." श्रावणने पोह्यांची बशी संपवली.

दीड वर्ष असं गेलं. श्रावणच्या पोरीचं लग्न झालं, गणपतराव अक्षता टाकायला आले, उरलेल्या बोटांनी.

मग शेडात सुरक्षा सप्ताह आला. मोठी कंपनी गाड्या घेणार होती, तिचे लोक पाहायला येणार होते, म्हणून अभिजीतला फलक आणि भाषणं हवी होती. आणि त्याच्या सुपीक डोक्यात आलं की भाषणाला गणपतरावच बोलवावेत. श्रावणने विरोध केला. "सर, काकाले नका आणू." अभिजीत म्हणाला, "अरे, त्यांनाही बरं वाटेल. आपण त्यांना विसरलो नाही हे कळेल."

गणपतराव इस्त्रीचा सदरा घालून आले. शाल, नारळ झाला. त्यांनी माइक डाव्या हातात धरला आणि उजवा हात वर केला. ज्या शेडात या माणसाच्या आवाजाने पान्हे जागेवर जायचे, तिथे तो हळू आवाजात म्हणाला:

"पोरंहो, हा हात पाहून घ्या. मी चाळीस वर्षं मशीनीत हात घातला. तुमाले शिव्या देल्ल्या. अन् शेवटी मीच चाबी काढाची इसरलो. मशीनची चूक नव्हती, मालकाची नव्हती. माही होती. माह्यासारखं करू नका."

टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी फोटो काढले. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात हे ऐकलेलं होतं. इथे संन्यासी स्वतःच फास गळ्यात घालून लोकांना उपदेश करत होता, आणि चोर पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. त्यात श्रावणही होता. त्याने खरोखर टाळ्या वाजवल्या. हात थांबवायचे कसे ते त्याला कळेना.

त्याच संध्याकाळी तो तांडापेठेत गेला. गणपतराव खाटेवर बसले होते, शाल अजून खांद्यावर. जिजाबाई आत चहा ठेवत होती. श्रावण खाली फरशीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. पूल, विक्की, पाऊण मिनिट, शिव्यांच्या भीतीने न सांगितलेली गोष्ट, किंकाळीनंतर आलेला तो आवाज, दुसऱ्या दिवशी आपल्याच हाताने पुसलेले आकडे. "काका, चाबी तुमच्या दातातच होती. तुमी काहीच इसरले नाई. मी केलं हे सगळं."

गणपतरावांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग ते हसले. वाईट हसले नाहीत, मायेने हसले.

"उगा मले लेकरासारखं नको समजावू बे," ते म्हणाले. "आज भाषणात माहा आवाज कापला, तुले वाईट वाटलं. म्हून हे रचून आणलं. नाई का?"

"नाई काका! खरं सांगून राहिलो मी. तुमची शपथ."

"शपथ नको घेऊ. साहेबानं माह्या नावानं कागद केला, तवा तू तिथंच उभा होता ना? मी खाटेवर पडून इचारलं, तवा तू काय म्हणला? दिसलं नाई म्हणला. तू माह्याशी खोटं बोलणारा पोरगा नाई. तवाचं खरं, हे आताचं खोटं." त्यांनी दोन बोटं नसलेला हात श्रावणच्या डोक्यावर ठेवला. "माह्यासाठी एवढं सोताच्या अंगावर घेतं. असा शिष्य कोनाले भेटते? पण बाहेर नको बोलू असं काई. तुही नोकरी जाईन."

 श्रावणच्या खोटेपणावर याच माणसाने इतका विश्वास टाकला होता, की खऱ्याला आत यायला फट उरली नव्हती.

जिजाबाई चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिने दोन्ही कप खिडकीत ठेवले आणि श्रावण उठून बाहेर निघाला तशी त्याच्यामागे गल्लीत आली. तिला सगळं खरं वाटलं होतं. चाळीस वर्षं ज्या नवऱ्याच्या सदऱ्याच्या कॉलरवर तिने लूमच्या पट्ट्याचं तेल धुतलं, त्याची रीत तिला कोणत्याही साहेबापेक्षा जास्त माहीत होती. तरी तिनेही मान हलवणाऱ्यांचंच ऐकलं होतं.

"मी त्याच्यासमोर गॅसचं बटण काढून नेतो रे," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "त्याले चहा पाह्यजे असला तं पोरासारखा मले मांगते. परवा मी त्याले रागवली, सगळ्यांसमोर. तो 'हाव, इसरलो' म्हणला अन् गप बसला. चांगला होता रे तो. चांगला असून आमी त्याले येडा केला. अन् तू दर अइतवारी माह्या हातचे पोहे खाऊन गेला."

"काकू, माफ..."

"माफी मले नको मांगू. येत जाय. दर अइतवारी येत जाय अन् त्याले हेच सांगत जाय. त्याले पटत नाई तवर."

पुढच्या रविवारी श्रावण गेला. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, एकही शब्द न गाळता. त्याच्या पुढच्या रविवारीही. शेडातली नोकरी त्याने तोवर सोडली होती आणि साहेबांच्या ऑफिसात जाऊन हेच सांगूनही आला होता. तिथल्या माणसाने विचारलं, पुरावा? मालक खुशाल म्हणाला, काढून टाकलेला माणूस आहे, राग धरून बोलतो. विक्की म्हणाला, मले नाई मालूम.

आता गल्लीतल्या लोकांना ही रविवारची गोष्ट पाठ झाली आहे. श्रावण फरशीवर बसतो, सांगतो. जिजाबाई खांबाला टेकून उभी राहते. गणपतराव शेवटपर्यंत शांतपणे ऐकतात, मग तिच्याकडे वळून म्हणतात, "पोरगा दमला वं बोलून बोलून. चहा ठेव त्याच्यासाठी. अन् बटण तूच लाव, मले नको देऊ."